ओढ्यात ओंडके रोवले की सॅमन परत येतात का?

सिएटलच्या एका उपनगरात नुकत्याच राहायला आलेल्या, महाराष्ट्रात स्थापत्य अभियांत्रिकी केलेल्या एका वाचकानं तीन प्रश्न एकत्र विचारले आहेत. त्यांच्या वस्तीमागून जाणाऱ्या ओढ्याच्या 300 मीटर पट्ट्यात एक स्थानिक संस्था झाडांचे ओंडके रोवणार आहे आणि तिला स्वयंसेवक हवे आहेत. त्यांचं म्हणणं असं: यानं जंगली सॅमन खरंच परततील का? त्यापेक्षा मत्स्यबीज केंद्रातली पिल्लं आणून सोडणं स्वस्त नाही का? आणि एल्व्हा, क्लॅमथ या नद्यांवरची धरणं पाडली, तशी धरणंच पाडली तर या किरकोळ कामांची गरज काय? मी वॉशिंग्टन राज्याच्या पश्चिम भागात बरीच वर्षं हेच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ओंडके नीट रोवले तर त्या 300 मीटरमध्ये मासे दिसतील, बहुधा पहिल्याच हिवाळ्यात. पण मासे दिसणं वेगळं आणि वाढणं वेगळं. वरखालचे मासे आसरा बघून तिथं गोळा झाले तर तुमच्या मोजणीचा आकडा वाढतो, ओढ्यातले एकूण मासे तेवढेच राहतात. एकूण वाढायला हवे असतील तर माशाच्या आयुष्यात नेमकी अडचण कुठं आहे ते शोधून तिथंच काम करावं लागतं. तेव्हा संस्थेला पहिला प्रश्न हा विचारा: या ओढ्यातला मासा कुठं आणि कधी मरतो? याचं उत्तर त्यांच्याकडे असेल तर बेलाशक जा.

तुमच्या भागातल्या छोट्या ओढ्यांत मुख्यतः कोहो जातीचा सॅमन येतो. शरद ऋतूतल्या पावसानं पाणी चढलं की साधारण तीन वर्षांचे नर-मादी समुद्रातून वर येतात. मादी वाहत्या पाण्यात एका अंगावर होऊन शेपटीचे फटकारे मारते. त्यानं गोटे उसळतात, बारीक माती प्रवाहाबरोबर निघून जाते आणि उथळ खड्डा पडतो. त्यात तिनं अंडी सोडली आणि नरानं ती फळवली की ती जरा वर सरकून पुन्हा खणते, म्हणजे तिथले गोटे वाहत येऊन अंड्यांवर बसतात. वीतभर खाली ती अंडी सगळा हिवाळा काढतात आणि गोट्यांच्या फटींतून झिरपणाऱ्या पाण्यातूनच त्यांना प्राणवायू मिळतो. वर कुठं रस्त्याचं काम चाललं असेल किंवा टेकडी उघडी पडली असेल, तर तिथली बारीक माती त्या फटींत बसते आणि अंडी जागच्या जागी गुदमरतात. वरून पाहणाऱ्याला काही कळत नाही. उन्हाळ्यात, म्हणजे अंडी नसताना, तळात हात घालून बघा. चांगल्या जागी बोटं सहज आत शिरतात आणि पाणी जेमतेम गढूळ होतं. वाईट जागी वरचा थर फोडायलाच जोर लागतो आणि उठलेला गाळाचा लोट बराच लांबपर्यंत खाली जाताना दिसतो. महागडी उपकरणं नंतर आणा, निम्मं निदान इथंच होतं.

वसंतात पिल्लं गोट्यांतून वर येतात. चम आणि पिंक या जातींची पिल्लं जवळजवळ लगेच समुद्राची वाट धरतात. कोहोची मात्र वर्षाहून जास्त काळ ओढ्यातच राहतात. म्हणजे त्यांना उन्हाळ्यात थंड पाण्याचे डोह लागतात आणि हिवाळी पुरात अंग चोरून बसायला संथ पाणी लागतं. प्युजेट साउंडला, म्हणजे सिएटललगत आत शिरलेल्या समुद्राच्या फाट्याला, मिळणाऱ्या बऱ्याच ओढ्यांत कोहोचं घोडं इथंच अडतं. अंडी भरपूर घातली जातात, पिल्लंही निघतात, पण डिसेंबर-जानेवारीचा पूर सरळ केलेल्या पात्रातून सुसाट जातो आणि बोटाएवढ्या पिल्लाला थांबायला जागाच नसते.

ओंडक्यांची गरज इथं येते, आणि ती का निर्माण झाली हे माहीत असलेलं बरं. 19व्या शतकाच्या अखेरीपासून पुढची काही दशकं वॉशिंग्टन-ओरेगॉनमध्ये जंगलतोडीचं लाकूड गिरणीपर्यंत नेण्यासाठी ओढ्यांवर लाकडी बंधारे घालत, मागे पाणी आणि लाकूड तुंबवत आणि मग दार एकदम उघडत. त्या लोंढ्याबरोबर तळाचे गोटे, रेव, पडलेली झाडं सगळं धुऊन जाई. काही ओढ्यांचा तळ आजही नुसता कातळ आहे. त्यानंतर, 1950 ते 1970 च्या दशकांत, खुद्द मत्स्य खात्यांनीच पात्रातले उरलेसुरले ओंडके काढले. का, तर त्यांमुळे मासे अडतात! हेतू चांगला होता, पैसाही सरकारी होता, आणि ओढे स्वच्छ दिसू लागले. महाराष्ट्रात खोलीकरण-रुंदीकरण झालेला ओढा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे चित्र नवीन नाही.

तुम्ही अभियंता आहात म्हणून तुमच्या भाषेत सांगतो. आपल्याला पाणी लवकरात लवकर पुढे कसं काढून द्यायचं ते शिकवलं जातं. मॅनिंगच्या सूत्रातला 'एन', म्हणजे पात्राचा खडबडीतपणा, जितका कमी तितकं डिझाइन चांगलं. इथं तोच 'एन' मुद्दाम वाढवायचा असतो. ओंडक्याला अडून पाणी वळतं, एका बाजूला तळ खणून डोह करतं, दुसऱ्या बाजूला रेव टाकतं, पूर आला की काठावरून पसरतं. डोह आपण खणायचा नसतो. आपण अडथळा ठेवायचा, डोह नदी करते. यंत्रानं खणलेला डोह दोन-तीन पुरांत भरून आलेला मी कितीतरी वेळा पाहिला आहे.

रोवायचं म्हणजे काय, तर मुळांच्या बुंध्यासकट आणलेली मोठी झाडं. नुसता गुळगुळीत खांब पाण्यात फारसं काही करत नाही. मुळांचा पसारा पाण्याला अडवतो, त्यात फांद्या आणि पाला अडकतो आणि त्या गुंत्यात पिल्लं लपतात. डग्लस फर किंवा सीडर वापरतात, कारण ते दशकानुदशकं टिकतात. आल्डर लवकर कुजतो. काही ओंडके उभे ठोकायचे, काही काठात खोल गाडायचे, वर माती-दगडाचं वजन द्यायचं. पूर्वी लोखंडी दोरांनी बांधत, आता बहुतेक जण ते टाळतात. रस्ता नसेल तिथं झाडं हेलिकॉप्टरनं उतरवतात. त्याची छायाचित्रं छान येतात, म्हणून लोकांना ओंडके म्हणजेच पुनरुज्जीवन वाटतं. खालच्या अंगाला पूल किंवा घरं असतील तर शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी वाढणार नाही हे गणितानं दाखवावं लागतं. संस्थेकडे तो अहवाल आहे का, हेही विचारून घ्या.

पाण्यातलं काम साधारण जुलै ते सप्टेंबरमध्येच करायची परवानगी मिळते. कामापूर्वी पट्ट्याच्या वर आणि खाली जाळी लावून आधी ओढजाळ्यानं आणि मग पाठीवरच्या यंत्राच्या सौम्य विजेच्या झटक्यानं मासे बाहेर काढतात. ते हवेचे बुडबुडे सोडणाऱ्या बादल्यांत ठेवतात, मोजतात आणि बाहेर सुरक्षित पाण्यात सोडतात. स्वयंसेवकाला बहुधा बादली मिळते. बादलीतलं पाणी तापू न देणं हे कंटाळवाणं काम आहे, पण मासे जगणं त्यावरच असतं.

आता 300 मीटरचा हिशेब. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्युजेट साउंडच्या पाणलोट क्षेत्राचं नमुन्यादाखल गणित मांडलं होतं. समुद्राकडे निघणाऱ्या कोहो आणि स्टीलहेड (समुद्रात जाऊन परतणारा रेनबो ट्राउट) पिल्लांची संख्या 25 टक्क्यांनी वाढलेली दिसायला हवी असेल, तर पूरमैदान आणि पात्रातला सरासरी 20 टक्के अधिवास सुधारावा लागतो. आणि ती वाढ होईलच अशी 95 टक्के खात्री हवी असेल, तर जवळजवळ सगळाच सुधारावा लागतो, कारण एका ठिकाणी यश येतं तसं दुसऱ्या ठिकाणी येत नाही. 25 टक्के अशासाठी की त्याहून लहान फरक बहुतेक मोजण्यांत पकडताच येत नाही. तुमच्या ओढ्याची लांबी किती, त्यातले 300 मीटर म्हणजे किती टक्के, हे कागदावर मांडा. आकडा छोटा निघाला म्हणून काम वाया जातं असं नाही. पुढच्या दहा पट्ट्यांची योजना सोबत आहे की फीत कापून विषय संपणार, ते बघायचं.

ओंडक्यांच्याही आधी बघायची गोष्ट म्हणजे रस्त्याखालच्या मोऱ्या. मोरीचं तोंड खालच्या पाण्यापेक्षा हातभर वर लटकत असेल, किंवा अरुंद नळातून पाणी जोरात येत असेल, तर मासा तिथंच थांबतो आणि वरचा सगळा ओढा असून नसल्यासारखा. प्रौढ मासा एखादे वेळी उडी मारून जाईल, पिल्लं तर नाहीच. या मोऱ्यांवरून इथं मोठा खटला झाला. 1854-55 च्या तहांनी इथल्या आदिवासी जमातींना त्यांच्या नेहमीच्या जागी मासेमारीचा हक्क दिला आहे. 1974 मध्ये न्यायाधीश बोल्ट यांनी त्याचा अर्थ पकडण्याजोग्या माशांचा निम्मा वाटा असा लावला. नदीत मासाच उरला नाही तर वाटा कशाचा, हा पुढचा मुद्दा. 2013 मध्ये न्यायालयानं राज्याला मासे अडवणाऱ्या मोऱ्या बदलायचा आदेश दिला आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयात 4-4 अशी समसमान मतं पडल्यानं तो कायम राहिला. खर्च अब्जावधी डॉलरमध्ये आहे. माझ्या मते खर्चलेल्या डॉलरमागे इतकं खात्रीचं फळ देणारं दुसरं काम नाही, अट एकच: खालची मोरी आधी, वरची नंतर. राज्यानं आपली मोरी बदलली आणि अर्ध्या मैलावर दुसऱ्या कुणाची तशीच लटकत राहिली, असंही होतं.

आणि शहरी ओढा असेल तर टायर. सिएटलमध्ये लाँगफेलो क्रीकसारखे ओढे सुधारले, कोहो आले, लोक आनंदले. मग लक्षात आलं की पहिल्या मोठ्या पावसानंतर मासे तोंड उघडून पृष्ठभागाशी गोल गोल फिरतात, तोल जातो आणि काही तासांत मरतात. मेलेल्या माद्यांची पोटं चिरली तर गाबोळी आत तशीच भरलेली. काही वर्षं निम्म्याहून अधिक माद्या अशा गेल्या. गाळ नाही, ताप नाही, रोग नाही. वर्षानुवर्षांच्या शोधानंतर 2020 च्या डिसेंबरमध्ये कारण जाहीर झालं. टायरचं रबर तडकू नये म्हणून त्यात 6पीपीडी नावाचं रसायन घालतात. ओझोनशी त्याची क्रिया होऊन 6पीपीडी-क्विनोन बनतं, रस्त्यावरच्या टायरच्या भुकटीतून ते पावसाबरोबर ओढ्यात येतं आणि अत्यल्प मात्रेत कोहोला मारतं. गंमत म्हणजे त्याच पाण्यात चमला काही होत नाही. उपाय आहे आणि तो साधा आहे: रस्त्याचं पाणी थेट ओढ्यात न सोडता वाळू आणि कंपोस्टच्या थरांतून झिरपू द्यायचं. तसं गाळलेल्या पाण्यात कोहोची पिल्लं जगतात, हे प्रयोगांत दिसलं आहे. तुमच्या ओढ्याला वर मोठ्या रस्त्याचं गटार मिळत असेल, तर संस्थेनं ओंडक्यांचे निम्मे पैसे तिकडे वळवावेत असं मी उघड सांगेन.

मोठ्या नद्यांवर गेल्या काही वर्षांत विचार आणखी पुढे गेला आहे. ओरेगॉनमध्ये मॅकेंझी नदीच्या दक्षिण फाट्यावर 2018 पासून बंधारे आणि भराव काढून दरीचा तळच सपाट केला, हजारो ओंडके पसरले आणि पाण्याला म्हटलं, जा कुठं जायचं ते. एका खोल प्रवाहाच्या जागी आता अनेक उथळ फाटे, दलदल आणि झरे आहेत. 2020 च्या वणव्यात आजूबाजूचं जंगल जळालं तेव्हा हा ओला पट्टा बराच बचावला. ओरेगॉनच्याच कोरड्या पूर्व भागात, ब्रिज क्रीकवर, खोल खचलेल्या ओढ्यात लाकडी खुंट ठोकून त्यांत विलोच्या फांद्या विणल्या. बीव्हरनी (ओढ्यावर स्वतः बांध घालणाऱ्या, उंदराच्या कुळातल्या प्राण्यांनी) ते आपले समजून पुढचं बांधकाम स्वतः केलं. भूजल वर आलं आणि स्टीलहेडच्या पिल्लांची संख्या व जगण्याचं प्रमाण दोन्ही वाढले. बीव्हर डागडुजीचं बिल पाठवत नाही, हा मोठाच फायदा. शहरात मात्र तो लोकांच्या तळघरात पाणी घालतो, म्हणून तिथं जपून.

चिनूक या सॅमनच्या सर्वांत मोठ्या जातीसाठी खरी कोंडी पुष्कळदा खाडीत असते. त्याची पिल्लं भरती-ओहोटीच्या खाजणात आठवडेच्या आठवडे चरून जाड होतात आणि मग समुद्रात उतरतात. स्कॅजिट नदीच्या मुखाशी ही खाजणं शंभरहून अधिक वर्षांपूर्वी बांध घालून शेतीखाली आणली. रायगडची खारबंदिस्ती किंवा गोव्याची खाजन शेती पाहिलेल्याला लगेच ओळख पटेल. गोव्यातल्या मानशीचं, म्हणजे बांधातल्या दाराचं, काम इथं भरतीची झडप करते. पाणी बाहेर जातं, आत येत नाही, मासाही येत नाही. ज्या वर्षी पिल्लं जास्त, त्या वर्षी उरलेली खाजणं लवकर भरतात आणि बाकीची लहान असतानाच समुद्राकडे ढकलली जातात. त्यांतली फार कमी परततात. म्हणजे वर कितीही गोटे-ओंडके केले तरी खालची जागा वाढल्याशिवाय आकडा हलत नाही. निस्क्वाली नदीच्या मुखाशी 2009 मध्ये जुना बांध काढून 762 एकरांत भरतीचं पाणी परत घेतलं. ती जमीन अभयारण्याची होती म्हणून जमलं. स्कॅजिटमध्ये बटाटा आणि ट्यूलिपची शेती उभी आहे, तिथं प्रत्येक एकरासाठी बैठका होतात. शेतकऱ्याला खलनायक ठरवणाऱ्यांशी माझं जमत नाही. तो गेला तर तिथं खाजण नाही, घरं येतील.

दुसरा प्रश्न मत्स्यबीज केंद्राचा. इथं केंद्रं शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहेत. फक्त बोटुकली सोडून काम भागत असतं, तर 1999 मध्ये प्युजेट साउंडच्या चिनूकला संकटग्रस्तांच्या यादीत टाकायची वेळ आली नसती. हौदात वाढलेला मासा हौदाला सरावतो. ओरेगॉनच्या हूड नदीतल्या स्टीलहेडवरच्या 2007 च्या अभ्यासात, बंदिस्त वाढलेल्या दर पिढीमागे निसर्गात संतती देण्याची क्षमता सुमारे 40 टक्क्यांनी घटलेली आढळली. म्हणून केंद्रातल्या पिल्लांचा पाठीवरचा छोटा मांसल पर कापून सोडतात. पकडताना जंगली कोणता, केंद्रातला कोणता ते कळतं. तरी केंद्रं बंद करा म्हणणं मला पटत नाही. 1992 मध्ये आयडाहोच्या रेडफिश लेकमध्ये समुद्रातून सॉकाय जातीचा एकच सॅमन पोहोचला होता, आणि तो वंश केंद्रामुळेच तगला. शिवाय जमातींचा मासेमारीचा हक्क आज बराचसा केंद्रातल्या माशांवर चालतो. केंद्र वेळ मिळवून देतं. तेवढ्या वेळात नदी सुधारली नाही, तर पिल्लं त्याच नदीत मरायला सोडायची.

धरणांबद्दल. एल्व्हा नदीवरची 1913 आणि 1927 ची दोन धरणं 2011 ते 2014 मध्ये पाडली. त्यांना मासे वर जायला वाटच ठेवलेली नव्हती. दोन्ही तलावांत सुमारे 2 कोटी घनमीटर गाळ होता, त्यातला मोठा भाग पहिल्या काही वर्षांत खाली आला. सुरुवातीला नदी चहासारखी झाली. पण त्याच गाळात ती वाळू आणि रेव होती जिच्यासाठी खालचा भाग शंभर वर्षं उपाशी होता. मुखाशी नवा किनारा तयार झाला. मासेमारी थांबवलेली होती. 2023 मध्ये लोअर एल्व्हा क्लालम जमातीनं पहिल्यांदा थोड्या प्रमाणात कोहो पकडले. क्लॅमथवरची चार धरणं 2023-24 मध्ये गेली आणि 2024 च्या शरद ऋतूत चिनूक ओरेगॉनमध्ये, एका शतकाहून जास्त काळ न दिसलेल्या पाण्यात पोहोचले. फराक्का बंधाऱ्यानंतर वरच्या गंगेतून नाहीसा झालेला हिलसा आठवणाऱ्यांना याचं मोल कळेल.

पण धरण पाडणं म्हणजे दार उघडणं. एल्व्हाचा वरचा भाग ऑलिम्पिक राष्ट्रीय उद्यानात शाबूत होता, म्हणून दारामागे घर तयार होतं. क्लॅमथच्या वरच्या खोऱ्यात शेतीचं पाणी, तापलेले तलाव आणि आटलेल्या दलदली आहेत, तिथं काम आता सुरू होतंय. आणि तुमच्या ओढ्यावर धरणच नाही. तिथं मोऱ्या, गटारं, सरळ केलेलं पात्र आणि काठापर्यंत आलेली हिरवळ आहे. ही दुखणी पाडता येत नाहीत, एकेक करून सोडवावी लागतात.

आकडे दिसायला किती वेळ लागेल असंही तुम्ही विचाराल. कोहो तीन वर्षांनी परततो, म्हणून यंदाचे मासे आणि पुढच्या वर्षीचे मासे ही वेगवेगळी घराणी समजा. तिन्ही घराण्यांची किमान दोन-दोन आवर्तनं पाहिल्याशिवाय कुणी 'यश' म्हणालं तर मान डोलावू नका. मधे समुद्र तापला, जसा 2014-16 मध्ये तापला होता, तर उत्तम ओढ्यातही प्रौढ मासे कमी येतात. म्हणून परत आलेल्यांपेक्षा बाहेर निघालेली पिल्लं मोजणारी संस्था जास्त भरवशाची. शेजारचा एखादा न सुधारलेला ओढाही ते सोबत मोजत असतील तर उत्तमच.

तुम्ही स्वतः काय करू शकता? ऑगस्टमध्ये बादली धरा. हिवाळ्यात काठावर विलोच्या काड्या खोचा आणि फर-सीडर लावा. ब्लॅकबेरीची काटेरी जाळी मात्र तीन-चार वर्षं सलग काढावी लागते, नाहीतर ती रोपं गिळते. नोव्हेंबरमध्ये अंडी घालणाऱ्या माशांच्या मोजणीला नाव द्या. पाण्यावरची चमक कापणारा पोलराइज्ड गॉगल आणि उंच गमबूट लागतील, बाकी साहित्य ते देतात. चालताना शक्यतो काठानं चला, आणि तळात आजूबाजूच्यापेक्षा उजळ, धुतल्यासारखा दिसणारा गोट्यांचा पट्टा दिसला तर त्यावर पाय देऊ नका. खाली अंडी असतात.